शालेय विज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांस खुले पत्र: डोळ्याचा धडा प्रतिमेपाशी थांबवू नका

प्रति,
शालेय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक, संपादक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मानवी डोळ्याचा धडा बहुतेक पुस्तकांत भिंगांच्या धड्याला जोडून येतो आणि त्याची मांडणी जवळजवळ ठरलेली असते. पारपटल, बुबुळ, बाहुली, भिंग व दृष्टिपटल अशी नावे दिलेली एक आकृती, दृष्टिपटलावर उलटे उभे राहिलेले एक झाड, मग निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आणि त्यांवर उपाय म्हणून अंतर्गोल व बहिर्गोल भिंगे. या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी एक वाक्य असते: दृष्टिपटलावर पडलेली प्रतिमा दृष्टिचेतेमार्फत मेंदूकडे पाठवली जाते आणि मेंदू ती सुलटी करतो. हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे. ते नुसते अपुरे असते तर शालेय पातळीवर चालवून घेता आले असते, कारण प्रत्येक पाठ्यपुस्तकाला कुठेतरी थांबावेच लागते. पण ते चुकीचे आहे, आणि ज्या मुलाच्या मनात ते एकदा बसते त्याला पुढे पाहण्याच्या क्रियेविषयी नीट प्रश्नसुद्धा विचारता येत नाही.

दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते हे केप्लरने १६०४ साली भूमितीने दाखवून दिले. ती प्रतिमा पुढे मनापर्यंत कशी पोहोचते हा प्रश्न मात्र त्याने जाणीवपूर्वक सोडून दिला आणि तो निसर्गतत्त्वज्ञांनी सोडवावा असे लिहून ठेवले. केप्लरचे थांबणे समजण्यासारखे होते. प्रकाशशास्त्राची साधने दृष्टिपटलाच्या पलीकडे त्याला नेऊ शकत नव्हती. आपली पुस्तके मात्र आजही तिथेच थांबतात, आणि उरलेल्या प्रवासावर एका वाक्याचे पांघरूण घालतात. याचे एक कारण विषयांच्या वाटणीत आहे असे मला वाटते. भौतिकशास्त्राचा धडा प्रकाशकिरण दृष्टिपटलाला टेकले की संपतो, जीवशास्त्राचा धडा चेतासंस्थेपासून सुरू होतो, आणि प्रकाशाचे चेतासंदेशात रूपांतर ही मधली, सर्वांत नवलाची घटना कोणाच्याच वाट्याला येत नाही.

ती घटना अशी घडते. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या मुख्य पेशी आहेत: अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी, ज्यांची संख्या एका डोळ्यात सुमारे ९ ते १२ कोटी भरते, आणि भरपूर उजेडात काम करणाऱ्या शंक्वाकार पेशी, ज्या ५०-६० लाखांच्या आसपास असतात. दंडाकार पेशीच्या बाहेरच्या टोकात सुमारे हजारभर चपट्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या पटलांत ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्याचे सुमारे १० कोटी रेणू बसवलेले असतात. ऱ्होडॉप्सिनचे दोन भाग: ऑप्सिन हे प्रथिन, आणि त्याच्या पोटात वाकून बसलेला रेटिनल हा छोटा रेणू. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, या रेणूने शोषला की त्याचा वाकलेला भाग सरळ होतो. ही क्रिया सेकंदाच्या दशलक्षांशाच्याही दशलक्षांशापेक्षा कमी वेळात पुरी होते. संपूर्ण दृष्टिक्रियेत प्रकाशाचे प्रत्यक्ष काम एवढेच. यानंतर जे काही घडते त्याला प्रकाशाची गरज नसते. जॉर्ज वाल्ड यांनी हे उलगडले आणि त्याबद्दल १९६७ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व असते हा त्यांचा शोध १९३३ सालचा, आणि रेटिनल शरीरात तयार होतो तो त्या जीवनसत्त्वापासूनच. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो, हे वाक्य आपल्या पुस्तकांत आहारावरील धड्यात असते आणि मुले ते पाठ करतात. डोळ्याच्या धड्यात रेटिनलचे नाव घेतले तर त्या पाठ केलेल्या वाक्यामागचे कारण दोन ओळींत हाती येईल.

यापुढचा भाग तर पुस्तकांनी वगळूच नये असा आहे, कारण तो सहज मनात येणाऱ्या कल्पनेच्या नेमका उलटा आहे. प्रकाश पडला की पेशी उत्तेजित होते आणि अंधारात ती स्वस्थ असते, असे कोणीही गृहीत धरेल. प्रत्यक्षात दंडाकार पेशी अंधारातच सर्वांत जास्त कामात असते. अंधारात तिच्या पटलावरील सूक्ष्म मार्गिका उघड्या असतात, त्यांतून सोडियम व कॅल्शियमचे धनभारित आयन सतत आत येत असतात, पेशीच्या आतबाहेरचा विद्युत विभवांतर सुमारे उणे ४० मिलिव्होल्ट राहतो, आणि पेशीच्या दुसऱ्या टोकातून ग्लुटामेट हे रसायन अखंड स्रवत असते. मार्गिका उघड्या ठेवण्याचे काम सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू करतो. फोटॉनने बदललेले ऱ्होडॉप्सिन ट्रान्सड्युसिन या प्रथिनाचे एकामागून एक अनेक रेणू जागे करते, ते एका विकराला कामाला लावतात, तो विकर सायक्लिक जीएमपीचे रेणू झपाट्याने तोडतो, आणि मार्गिका मिटतात. विभवांतर उणे ७० मिलिव्होल्टकडे सरकतो आणि ग्लुटामेटचा स्राव घटतो. डोळ्यात प्रकाश शिरल्याची पहिली खबर अशी चालू असलेला स्राव कमी होण्यातून मिळते.

या साखळीचा फायदा प्रवर्धनात, म्हणजे क्षीण संदेश मोठा करण्यात, आहे. एका फोटॉनने एकच रेणू बदलतो, पण अखेरीस पेशीत शिरणारा विद्युतप्रवाह सुमारे एक पिकोअँपिअरने घटतो, आणि तेवढा फरक संदेश म्हणून पुढे जाण्यास पुरेसा असतो. दंडाकार पेशी एकेका फोटॉनला प्रतिसाद देते याचा पहिला भक्कम पुरावा मात्र पेशीत विद्युताग्र घालून मिळालेला नाही. तो माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवून मिळाला. हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अंधाराला पूर्ण सरावलेल्या निरीक्षकांना अतिशय क्षीण चमक दाखवली आणि ती जेमतेम दिसण्यास किती प्रकाश लागतो ते मोजले. पारपटलावर साधारण ५४ ते १४८ फोटॉन पडावे लागत. त्यांतले बरेचसे वाटेत परावर्तित किंवा शोषित होत वा दृष्टिपटलात न अडकता निसटत, आणि ऱ्होडॉप्सिनने प्रत्यक्ष शोषलेले उरत ते अवघे ५ ते १४. ही चमक सुमारे ५०० दंडाकार पेशींवर पसरलेली होती, त्यामुळे एकाच पेशीत दोन फोटॉन पडण्याची शक्यता फार थोडी होती. निष्कर्ष उघड होता: एका पेशीला जागे करण्यास एक फोटॉन पुरतो. बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी १९७९ साली भेकाच्या दंडाकार पेशींतील प्रवाह मोजून हे थेट दाखवले. ज्या वयात मुले संभाव्यतेची गणिते सोडवतात त्याच वयात हा युक्तिवाद त्यांच्यापुढे ठेवता येतो, आणि एखादी गोष्ट न पाहता ती कशी सिद्ध करता येते याचे इतके स्वच्छ उदाहरण शालेय विज्ञानात मला दुसरे आठवत नाही.

याच ओघात बाहुलीविषयीच्या एका विधानाकडेही लक्ष वेधतो. बाहुली लहानमोठी होऊन डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे नियंत्रण करते, असे लिहिलेले असते, आणि ते खरेही आहे. पण त्यामुळे डोळा उजेड-अंधाराशी जुळवून घेतो तो मुख्यतः बाहुलीमुळे, अशी समजूत होते. बाहुलीचा व्यास साधारण २ ते ८ मिलिमीटर यांदरम्यान बदलतो, म्हणजे क्षेत्रफळ फार तर १६ पट बदलते. आपण ज्या उजेडांत पाहू शकतो त्यांचा पल्ला मात्र चांदण्यांच्या प्रकाशापासून भर उन्हापर्यंत अब्जावधी पटींची आहे. उरलेले जुळवून घेणे दृष्टिपटलात होते: दंडाकार पेशींकडून शंक्वाकार पेशींकडे काम सोपवून, पेशींतील रासायनिक साखळीची संवेदनशीलता कमी-जास्त करून, आणि रंगद्रव्य पुन्हा भरून काढून. उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर बाहुली काही सेकंदांत विस्फारते, पण नजर पुरती सरावण्यास अर्धा तास किंवा अधिक लागतो, हा अनुभव कोणालाही घेता येतो. तो घेतल्यावर बाहुलीवाले स्पष्टीकरण आपोआपच तोकडे पडते.

आता त्या वाक्यातील मधल्या भागाकडे येतो, म्हणजे प्रतिमा पाठवली जाते याकडे. कोटी-कोटी पेशींनी टिपलेला प्रकाश ज्या दृष्टिचेतेतून बाहेर पडतो तिच्यात तंतू असतात सुमारे दहा लाख. एवढ्या तंतूंतून प्रत्येक पेशीची नोंद स्वतंत्रपणे जाणे अशक्य आहे, आणि ती जातही नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशी आणि दृष्टिचेतेचे तंतू यांच्यामध्ये दृष्टिपटलातच चेतापेशींचे आणखी थर आहेत. द्विध्रुवी पेशी ग्लुटामेटचा स्राव कमी झाल्याची दखल घेतात, आणि त्यांचे दोन तट आहेत: काही पेशी उजेड वाढला की उत्तेजित होतात, काही उजेड घटला की. दोघींना मिळणारे रसायन एकच. फरक त्या रसायनाला ग्रहण करणाऱ्या प्रथिनांत आहे. म्हणजे उजळणे आणि काळवंडणे यांच्या वार्ता पहिल्याच टप्प्यापासून दोन वेगळ्या वाटांनी निघतात. आडव्या पसरलेल्या पेशी शेजारच्या भागांतील उजेडाची वजाबाकी करतात. शेवटच्या थरातील गुच्छिका पेशी या सगळ्याची बेरीज-वजाबाकी झाल्यावर जे उरते ते विद्युत स्पंदांच्या रूपात मेंदूकडे धाडतात, आणि त्यांचेच लांब तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते.

ही वजाबाकी काय साधते, ते स्टीफन कफलर यांनी १९५३ साली मांजरीच्या दृष्टिपटलावर दाखवले. एखाद्या गुच्छिका पेशीच्या वाट्याला आलेल्या छोट्या वर्तुळाच्या मध्यावर उजेडाचा ठिपका पाडला की तिचे स्पंद वाढतात, आणि तोच उजेड मध्याभोवतीच्या कड्यावर पाडला की ते कमी होतात. काही पेशींत याच्या उलट घडते. संपूर्ण वर्तुळावर एकसारखा उजेड पाडला तर मध्य आणि कडे एकमेकांचा परिणाम बराचसा पुसून टाकतात. अशा पेशीला इथे किती उजेड आहे यापेक्षा इथे शेजारच्यापेक्षा किती जास्त किंवा कमी उजेड आहे हे अधिक कळते. उन्हात ठेवलेला काळा कागद खोलीत ठेवलेल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परावर्तित करतो, तरीही आपल्याला तो काळाच दिसतो; उजेडाचा निव्वळ आकडा मेंदूला कळवणाऱ्या यंत्रणेला हे जमले नसते. डोळ्याची कॅमेऱ्याशी केलेली तुलना भिंगापुरती उपयोगी आहे, आणि माझी विनंती अशी की ती भिंगापाशीच संपते हे पुस्तकाने स्पष्ट शब्दांत सांगावे.

रंगांच्या बाबतीत पुस्तकांत लिहिलेले असते की शंक्वाकार पेशी रंग ओळखतात. एकटी शंक्वाकार पेशी रंग ओळखू शकत नाही. या पेशींचे तीन प्रकार आहेत आणि त्यांचे सर्वाधिक शोषण साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीपाशी होते. पण फोटॉन एकदा शोषला गेला की त्याची तरंगलांबी कोणती होती याची काहीही खूण पेशीत शिल्लक राहत नाही. एखादी पेशी कमी प्रतिसाद देत असेल तर त्याचा अर्थ उजेड मंद आहे असाही होतो, किंवा उजेड तीव्र असून तिला न मानवणाऱ्या तरंगलांबीचा आहे असाही होतो. तीन प्रकारच्या पेशींच्या प्रतिसादांची तुलना केल्यावरच रंगाची माहिती निर्माण होते, आणि ती तुलना दृष्टिपटलातच सुरू होते. अंधुक उजेडात रंग का दिसत नाहीत याचे उत्तरही यातच आहे: तिथे काम करणाऱ्या दंडाकार पेशींचा प्रकार एकच, तुलना करायला दुसरा नाही.

दृष्टिचेतेच्या पुढची वाट पुस्तकात एका आकृतीत मावेल. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी भेटतात आणि तिथे प्रत्येक दृष्टिपटलाच्या नाकाकडील अर्ध्या भागातून आलेले तंतू बाजू बदलतात, त्यामुळे समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग, तो कोणत्याही डोळ्याने टिपलेला असो, मेंदूच्या उजव्या अर्ध्यात जातो. तिथून बहुतेक तंतू थॅलॅमस या भागातील सहा थरांच्या एका केंद्रात पोहोचतात आणि पुढचे तंतू डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टीच्या क्षेत्रात. त्या क्षेत्रातील अनेक पेशी ठिपक्यांना फारशा दाद देत नाहीत, विशिष्ट कोनात कललेल्या रेषांना व कडांना देतात, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९५९ पासूनच्या कामात दाखवले आणि १९८१ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. थॅलॅमसमधील त्या केंद्राकडे येणाऱ्या जोडण्यांपैकी थोड्याच डोळ्याकडून येतात. बऱ्याच मोठ्या प्रमाणात त्या खुद्द मेंदूच्या वरच्या भागांकडून परत आलेल्या असतात. शिवाय काही तंतू पाहण्याच्या कामासाठी जातच नाहीत. गुच्छिका पेशींपैकी थोड्या पेशींत मेलॅनॉप्सिन हे स्वतःचे प्रकाशशोषक द्रव्य असते, आणि त्या दिवस-रात्रीची खबर शरीराच्या घड्याळाला देतात व बाहुली आकुंचित करण्यास मदत करतात. हा शोध जेमतेम पाव शतकापूर्वीचा आहे, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ दृष्टिपटलाचा बारकाईने अभ्यास झाल्यानंतरचा.

राहिले ते मेंदू प्रतिमा सुलटी करतो हे. सुलटी करायची तर आत एखादी प्रतिमा असायला हवी आणि ती पाहणारे कोणीतरी हवे. मग त्या पाहणाऱ्याच्या आत पुन्हा कोण पाहतो, हा प्रश्न चौकस मूल विचारणारच. मेंदूकडे जातात ते स्पंद, आणि स्पंदांना वरखाली नसते. दृष्टिपटलाच्या अमुक भागातून आलेला संदेश म्हणजे बाहेर तमुक दिशेची वस्तू, एवढा संबंध मेंदूजवळ असतो. जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९० च्या दशकात दृश्य उलटे करणारी भिंगे दिवसचे दिवस डोळ्यांवर वागवली, आणि सुरुवातीला चुकणारे त्यांचे हातपाय काही दिवसांत नव्या मांडणीला सरावले. वर्गात करता येण्याजोगा प्रयोग याहून सोपा आहे: डोळे मिटून, नजर नाकाकडे वळवून, पापणीवर बाहेरच्या कोपऱ्यापाशी बोटाने अगदी हलकेच दाबायचे. विरुद्ध बाजूला, नाकाकडे, एक फिकट वर्तुळ दिसते. प्रकाश नाही, भिंगाने पाडलेली प्रतिमा नाही, तरी दिसते, आणि दाबलेल्या जागेच्या उलट दिशेला दिसते. दिशांचा हा नियम उघड करणारे यापेक्षा स्वस्त उपकरण नाही. डोळ्याचा विकार असलेल्या किंवा डोळ्यात भिंग घालणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करू नये, ही सूचना अर्थातच छापावी.

यावर आपल्याकडून येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. रेणूंची नावे मुलांना पेलणार नाहीत, हा पहिला. नावे वगळावीत, चालू असलेला स्राव प्रकाशाने घटतो, ही गोष्ट नावांशिवाय सांगता येते. पाने मर्यादित आहेत, हा दुसरा, आणि तो रास्त आहे. चष्म्याच्या भिंगांची शक्ती काढण्याची एकाच साच्यातील उदाहरणे निम्मी केली तर लागेल तेवढी जागा निघेल, आणि ती उदाहरणे कमी झाल्याने भौतिकशास्त्राचे काही बिघडणार नाही. परीक्षेत काय विचारायचे, हा तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण माझ्या मते खरा अडसर तोच आहे. दृष्टिपटलावरील प्रतिमा कशी असते या प्रश्नाला वास्तव, उलटी व लहान असे तीन शब्दांचे उत्तर आहे आणि ते तपासायला सोपे आहे. त्याऐवजी असे विचारता येईल: अंधुक तारा थेट पाहिला तर दिसेनासा होतो आणि नजर जरा बाजूला नेली की दिसतो, याचे कारण लिहा. उत्तर तितकेच छोटे आहे, दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर दंडाकार पेशी नसतात; पण ते लिहिणाऱ्याला दोन्ही प्रकारच्या पेशींचे काम आणि त्यांची मांडणी दोन्ही समजलेले असावे लागते.

पुढील आवृत्तीसाठी दोनच मागण्या करतो. पहिली, ते वाक्य काढून त्या जागी असे काही छापावे: दृष्टिपटलातील पेशी प्रकाशाचे रासायनिक व विद्युत बदलांत रूपांतर करतात, दृष्टिपटलातीलच इतर पेशी शेजारच्या भागांतील उजेडाची व रंगांची तुलना करतात, आणि या तुलनेचे निष्कर्ष स्पंदांच्या रूपात दृष्टिचेतेतून मेंदूकडे जातात. दुसरी मागणी आकृतीची. डोळ्याच्या आकृतीशेजारी दृष्टिपटलाच्या एका तुकड्याची मोठी केलेली आकृती द्यावी, जिच्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी सर्वांत मागे, त्यांच्यापुढे द्विध्रुवी पेशी आणि सर्वांत पुढे गुच्छिका पेशी असतील, आणि प्रकाशाचा बाण व संदेशाचा बाण एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काढलेले असतील. प्रकाश सगळे थर ओलांडून मागे जातो आणि संदेश पुढे येतो, त्यामुळे तंतूंना डोळ्याबाहेर पडण्यासाठी दृष्टिपटलाला भोक पाडूनच जावे लागते. जिथे पडलेला प्रकाश दिसतच नाही तो अंधबिंदू पुस्तकात आजही असतो, मारियोतने तो १६६८ साली दाखवल्याप्रमाणे कागदावरील दोन खुणांनी शोधायला सांगितलेलाही असतो; तो तिथे का आहे, हे या आकृतीवरून विद्यार्थ्याला स्वतःच सांगता येईल.

आपला,
भौतिकशास्त्र शिकवणारा एक शिक्षक